उष्टी खडी

आजच्या सभेचे अध्यक्ष, माजी सुभेदार आणि आपल्या विकास सोसायटीचे चेअरमन आदरणीय हंबीरराव आबा. व्यासपीठावर उपस्थित असलेल्या गटविकास अधिकारी मॅडम. बांधकाम उपविभागातून आलेले सर्व अधिकारी आणि कर्मचारी. ज्यांच्यासाठी आपण आज जमलो ते सत्कारमूर्ती, शाखा अभियंता श्री. आकाराम गोरड साहेब. पुण्याहून रजा काढून आलेली त्यांची लेक सृष्टी. आणि समोर बसलेल्या माझ्या मौजे वडघाटच्या माता-भगिनींनो, वडीलधाऱ्यांनो आणि मागे दारात उभे राहून मोबाइल बघणाऱ्या तरुण मित्रांनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. आबा, तुमचं अध्यक्षीय भाषण शेवटी आहे, त्यातली थोडी मिनिटं मी उसनी घेणार आहे. आबा मिशीतल्या मिशीत हसले, म्हणजे परवानगी मिळाली असं मी धरते.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी साहेबांच्या शांत स्वभावाचं कौतुक केलं, वक्तशीरपणाचं केलं, चहाला कधी कुणाच्या घरी गेले नाहीत त्याचंही केलं. सगळं खरं आहे. पण मंडळी, ज्या गोष्टीसाठी या माणसानं आपल्या गावात इतकी वर्षं काढली, तिचं नाव अजून एकाच्याही तोंडून निघालेलं नाही. सगळे त्या खड्ड्याला वळसा घालून पुढे गेले. मी सरपंच आहे, मला खड्डे चुकवता येत नाहीत. मी त्या खडीबद्दलच बोलणार आहे.

मॅडम, तुम्ही विदर्भातून नुकत्याच आमच्याकडे आलात, म्हणून थोडं मागचं सांगते. दुसऱ्या महापुरात कृष्णामाई गावात शिरली ती पाटलांच्या माडीपर्यंत. पाणी उतरलं तेव्हा घरं उभी दिसत होती, पण आतून गेली होती. भिंतींना हात लावला की भोकं पडायची. सरकारनं तपासणी केली आणि नदीकडची आख्खी आळी राहायला धोक्याची ठरवली. ती पाडली. मग राहिला तो राडा. मोडलेले खांब, तुळया, स्लॅबचे तुकडे, विटा, कौलं, त्यात कुणाची देवळी, कुणाचा पाटा. ट्रॉल्या आल्या, तर बायका आडव्या झाल्या. राडा उचलू देईनात. उचलून कुठं टाकणार? गायरानाच्या घळीत. म्हणजे आपल्या घरावर उद्या डुकरं फिरणार. कोण देईल?

अशा वेळी साहेबांची इथं बदली झाली. साहेब माण तालुक्यातले. दहिवडीच्या अलीकडे त्यांचं गाव, घरात मेंढरं. माणसाला एवढं कमी बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. सबंध गाव बघून झालं, सगळे ढिगारे बघून झाले आणि मग मला म्हणाले, "सरपंच, हा राडा टाकायचा न्हाई. ह्यातलं काँक्रीट निवडायचं, फोडायचं, चाळायचं. त्याची खडी हुती."

मी म्हटलं, "साहेब, डोंगरात खडीला काय तोटा आहे?"

त्यावर ते म्हणाले, "तोटाच हाय. आमच्या गावाला एक डोंगर हुता. माझा बाप तितं मेंढरं चारायचा. आता अर्धाच हाय. पलीकडनं क्रशरवाल्यांनी खाल्ला. पाऊस पडला तर गवत यील, खरं डोंगर कुठनं यील?"

एवढं लांब वाक्य त्यांनी परत कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

पण बायकांनी ढिगारे सोडले ते साहेबांच्या सांगण्यावरून नव्हे. ते सोडले अंजनावहिनींमुळे. साहेबांच्या सौभाग्यवती. साहेबांनी तालुक्याला खोली घ्यायची सोडून इथं आपल्या गावात भाड्यानं खोली घेतली, त्यामागे वहिनीच होत्या. साहेब जेवढे मुके तेवढ्या त्या बोलक्या. दारादारांत जायच्या, ढिगाऱ्यावरच बसायच्या. "काय गं, हा न्हाणीचा दगड का? कुणी बसवला हुता?" असं करत करत त्या घराची सगळी कहाणी ऐकून घ्यायच्या, आणि मग बाईबरोबर स्वतः निवडायला लागायच्या. काँक्रीट एका अंगाला, विटा एका अंगाला, माती एका अंगाला. हातांना घट्टे पडले त्यांच्या.

सगळ्यात चिवट आमच्या बनुबाई. त्या बघा, पुढच्या रांगेत बसल्यात, माझ्याकडे डोळे वटारून बघताहेत. बनुबाईंचे मालक गेल्यावर त्यांनी स्वतःच्या कमाईवर घर पक्कं केलं होतं, आणि स्वयंपाकघराला हिरवा ऑइलपेंट दिला होता. असला हिरवा की पोपट लाजावा. पुरानंतर त्या ढिगाऱ्याशेजारी पत्र्याखाली राहिल्या, आणि कुणी जवळ आलं की शिव्या. मलाही खाव्या लागल्यात. वहिनी रोज जायच्या. एक दिवस बनुबाई म्हणाल्या, "अंजना, माझं घर फोडून तू काय करणार?" वहिनी म्हणाल्या, "आजी, परत घरच करणार. कुणाचं तरी." तेव्हा कुठं बनुबाई बाजूला झाल्या.

मंडळी, वहिनींचा शब्द होता तो. घराला घर. तो शब्द नीट लक्षात असू द्या.

खडी तयार झाली. भाड्याचा लहान क्रशर आणला होता. पहिल्या खेपेला आमच्या गवंड्यांनी नेहमीसारखा माल कालवला आणि तो कालवता कालवता घट्ट झाला. का? तर या खडीला जुनं सिमेंट चिकटलेलं असतं, ती पाणी पिते. गवंडी म्हणाले, "साहेब, ही खडी लय बेवडी हाय." आणि वरनं घमेल्यानं पाणी ओतायला लागले. त्या दिवशी मी साहेबांना पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. वरनं पाणी घातलं की काँक्रीट कच्चं राहतं. खडी आधी भिजवून, निथळून घ्यायची, मग कालवायची. आणि लोखंडाच्या कामात, म्हणजे खांबांत नि स्लॅबमध्ये, पाच पाट्या खडीला एकच पाटी ही, बाकीच्या चार डोंगरातल्या. त्याच्या पुढं एक मूठ नाही. साहेबांनी कधी कुणाला असं सांगितलं नाही की माझी खडी दगडापेक्षा भारी आहे. ते एवढंच म्हणायचे, "पाचातली एक तरी वाचवू."

त्या काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे ताकद तपासायला कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन आले, पास झाले. मग ग्रामसभा भरली. पुनर्वसनाची घरकुलं बांधायची होती. साहेबांनी मांडलं की घरकुलांत ही खडी वापरू. आणि आपले आजचे अध्यक्ष उभे राहिले.

आबा, मी तुमचा अपमान करत नाही. तुम्ही काय बोललात ते सभेत बोललात, तेच सभेत सांगते. आबा म्हणाले, "ठोकळा पास झाला आसंल. खरं पडलेल्या घराचं राहत्या घराला लावायचं न्हाई. ज्या घरानं माणूस राखला न्हाई, त्याची उष्टी खडी माझ्या नातवंडांच्या डोक्यावर नको. रस्त्याला घाला, मसनवट्याला घाला." टाळ्या पडल्या. आबांचे धाकटे बंधू त्या पुरात भिंतीखाली गेले, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या तोंडून ते आलं, त्याला कोण काय म्हणणार? पण त्या दिवसापासून त्या खडीचं नाव पडलं ते पडलंच. उष्टी खडी. ग्रामसभेनं मंजुरी दिली ती स्मशानाच्या रस्त्याला आणि दहनाच्या ओट्याला. राहत्या घराला नाही.

साहेबांनी तो रस्ता आणि तो ओटा असा केला की पाणी साचत नाही, तडा गेलेला नाही. पूर्वी पावसाळ्यात मयत न्यायचं म्हणजे गुडघाभर चिखल. आता आपण चपला न काढता जातो. चांगला रस्ता आपण मेलेल्यांना दिला. वहिनी मला हसत म्हणाल्या होत्या, "सरपंच, चला, मसनात का हुईना, लागली तर खरी. आता जित्यांचं बघू."

आणि पुढच्या आषाढात त्याच रस्त्यानं वहिनी गेल्या.

माफ करा. पाणी नको, राहू द्या. बोलते मी.

छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत संपलं. सगळ्यांना वाटलं होतं साहेब त्यांना माणला नेतील. साहेब म्हणाले, "हितंच. ती हितलीच झाली हुती." पाऊस धो धो. पाहुणेरावळे यायच्या आत करावं लागलं. साहेबांच्या खांद्यावर पाण्याचं मडकं, आणि आबा वडीलधारे म्हणून मागे. मॅडम, तुमच्याकडे वेगळं असेल म्हणून सांगते. आमच्याकडे चितेला फेऱ्या घालताना मडक्याला मागून खडा मारून भोक पाडतात. त्या खड्याला जीवखडा म्हणतात. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्या खड्यात असतो असं आम्ही मानतो. तो फडक्यात बांधून जपतात, त्याला पाणी देतात, आणि दहाव्याला कावळा पिंडाला शिवला की नदीत सोडतात.

तर आबांनी पावसात, गडबडीत वाकून पायाजवळचा हाताला लागला तो खडा उचलला आणि मडक्याला मारला. पायाजवळ काय होतं? ओट्याभोवती चिखल होऊ नये म्हणून साहेबांनीच उरलेल्यातली थोडी खडी पसरली होती, बाकीचा ढीग शाळेमागे होता.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेल्यावर खडा धुतला तेव्हा कळलं. एका अंगाला जुनं सिमेंट, आणि एका अंगाला हिरवा रंग.

मंडळी, मग आपल्या गावात काय झालं? पारावर, डेअरीत, पिठाच्या गिरणीत एकच विषय. हा दगड म्हणायचा का? सिमेंटच्या ढेकळात जीव राहील का? कुणी म्हणालं बदलून टाका, नदीतला चांगला काळा गोटा घ्या. गुरुजी म्हणाले, एकदा घेतला तो घेतला, मधेच बदलता येत नाही. आबा तर पार खचले. पायरीवर बसून म्हणाले, "माझ्या हातनं झालं. चांगल्या बाईचा जीव मी उष्ट्यात घातला." आणि साहेब? ज्या माणसानं आयुष्यभर सांगितलं की ही खडी दगडाच्या जागी चालते, त्याच्या बायकोचा जीव त्याच खडीत, आणि सगळं गाव विचारतंय, चालते का? काय अवस्था झाली असेल त्यांची? मी त्यांच्या खोलीवर गेले. फडकं मांडीवर होतं. मला म्हणाले, "सरपंच, मी आजपातूर लोकांस्नी सांगत आलो. आता माझंच मन मला इचारतंय."

बनुबाईंना कळलं तेव्हा त्या काठी टेकत खोलीवर आल्या. खडा हातात घेतला, अंगठ्यानं पुसला, आणि म्हणाल्या, "ह्यो माझ्या चुलीमागचा खांब. रंग मीच दिल्याला. आवं सायेब, कशाला जीव जाळताय? अंजना माझ्या सैपाकघरात हाय. उपाशी ऱ्हायाची न्हाई." साहेब तेव्हा पहिल्यांदा रडले. तोवर त्यांच्या डोळ्याला पाणी कुणी बघितलं नव्हतं.

दहाव्याला सगळं गाव घाटावर. आम्ही बायका वर पायऱ्यांवर. पिंड ठेवला, सगळे मागे सरले. चिंचेवर कावळे भरपूर, पण एक खाली उतरेना. ऊन चढलं. मग सुरू झालं ते आपलं नेहमीचं. जिवाला काही राहिलं असेल तर शब्द द्यायचा. सृष्टीनं दिला, "आई, मी बाबांना सांभाळीन." बायकांनी दिला, "वहिनी, साहेबांच्या भाकरीचं आमी बघतो." कावळा नाही. लोकांच्या नजरा हळूहळू त्या हिरव्या खड्याकडे जायला लागल्या. मनात काय होतं ते तोंडावर दिसत होतं.

शेवटी साहेब पुढे झाले. हात जोडले आणि म्हणाले, "अंजना, ह्या खडीचं एक राहतं घर बांधीन. शब्द देतो." आणि एवढं बोलून त्यांनी झाडाकडे बघितलं नाही. ते मागे वळले, आणि आपल्याकडे बघितलं.

त्या घाटावर अशी कितीतरी माणसं उभी होती, ज्यांच्या घरकुलाचा पाया खणून तयार होता. एकानं म्हणायचं होतं, साहेब, माझं घ्या. एकानं. पाच पाट्यांत एक पाटी. मी वरून बघत होते. सगळ्यांनी खाली बघितलं. बनुबाई ओरडून म्हणाल्या, "माझं घ्या!" तर त्यांच्या पुतण्यानं दंडाला धरून त्यांना मागे ओढलं. घरकुल पुतण्याच्या जागेत होतं.

कावळा शिवला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. साहेब कमरेएवढ्या पाण्यात गेले, खडा सोडला. खऱ्या दगडासारखाच तो बुडाला.

त्यानंतर साहेबांनी गावात हा विषय काढला नाही. शाळेची कंपाउंड भिंत झाली, पाण्याची टाकी झाली, घरकुलं झाली. सगळी डोंगरातल्या खडीची. साहेबांनी प्रत्येक कामावर उभं राहून ती चोख करून घेतली. तुमच्या स्लॅबवर पाणी मारायला तुम्ही विसरलात, तर ते स्वतः पाइप धरून उभे राहिले. मला वाटायचं, हा माणूस शब्द विसरला. बरं झालं, विसरला. आपल्याला सोपं झालं.

गेल्या आठवड्यात ते पंचायतीत आले. निवृत्तीचे कागद झाले होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत. म्हणाले, "सरपंच, शाळेमागं ती खडी पडून हाय. कुणाला नको आसंल तर मी घिऊन जाऊ का? गावाकडं दोन खोल्या बांधतोय."

काय म्हणायचं मी? म्हटलं, "साहेब, कार्यक्रमात सांगते." ते बरं म्हणाले आणि निघाले. आज सकाळपासून इथं त्यांच्या मनात सत्काराचं काही नाही. ते त्या उत्तराची वाट बघताहेत. त्यांच्याकडे बघा म्हणजे कळेल.

साहेब, ग्रामपंचायतीच्या वतीनं मी आज जाहीरपणे सांगते. ती खडी तुमची. न्या. सगळी न्या.

आणि मंडळी, आपण काय घालवलं ते आपल्याला कळावं म्हणून सांगते. ती खडी म्हणजे आपली नदीकडची आळी आहे. शिंप्यांचं दुकान त्यात आहे, आबा, तुमच्या बंधूंची पडवी त्यात आहे, माझ्या सासूबाईंची बाळंतिणीची खोली त्यात आहे. तिचं परत घर होणार आहे. वहिनींनी म्हटलं होतं तसंच होणार आहे. फक्त आपल्या गावात नाही. तिकडे, माणच्या माळावर. आणि त्यात राहणार कोण? एकटा माणूस. जिला ते घर हवं होतं ती नाही.

मी काल बनुबाईंना हे सांगितलं. मला वाटलं रडतील, नाहीतर मला शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "घिऊन जाऊ दे. खरं सायबास्नी सांग, माझा खांब चुलीमागंच लावा." आता एवढ्या ढिगाऱ्यात बनुबाईंचा खांब कुठला, हे साहेबांना तरी कसं ओळखू येणार? तरी त्यांचा निरोप मी पोचवला.

साहेब, शाल, श्रीफळ, फेटा हे सगळं रीतीचं आहे, ते तुम्ही घेतलंत. आता मला गावाच्या वतीनं तुमच्याकडे काही मागायचं आहे. घर झालं की वास्तुशांतीला आम्हाला बोलवा. दोन ओळींची पत्रिका नको, फोनवर नुसतं 'या' म्हणा. आम्ही एसटी करून येऊ. या बायकांना एकदा त्या भिंतींना हात लावू द्या. नव्या घरात पहिलं पाऊल घरच्या माणसानं टाकायचं असतं, ते बनुबाईंना टाकू द्या, आणि पहिला चहा त्यांच्या हातचा होऊ द्या. वहिनी नाहीत, तर ते काम त्यांच्याशिवाय कुणाचं?

माझा वेळ केव्हाच संपला. अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, उलट डोळ्याला रुमाल लावून बसलेत. आबा, मी तुमची आभारी आहे. गटविकास अधिकारी मॅडमनी एवढ्या कामातून वेळ काढला, साहेबांच्या सहकाऱ्यांनी इतक्या लांब येऊन या कार्यक्रमाला शोभा आणली, शाळेनं हॉल दिला, महिला बचत गटानं जेवणाचं पाहिलं, सगळ्यांचे मनापासून आभार.

माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. आणि गावाच्या वागण्यात जे कमी पडलं, ते साहेब, तुम्ही पोटात घाला. हे मागणं मोठं आहे, मला ठाऊक आहे. तरी मागते, आणि थांबते.

नमस्कार.